शिक्षक घडतो कुठे? वऱ्हाडातल्या शहरी शाळा आणि दीडशे वर्षांची धोरणे



आयोजकांनी मला विषय दिला तो असा, ‘शहरांतल्या सरकारी शाळांमधील शिक्षकांची गुणवत्ता कशी वाढवावी?’ मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले, त्यातली बरीच वर्षे बी.एड.च्या विद्यार्थ्यांना शिक्षणाचे तत्त्वज्ञान. ‘कशी वाढवावी’ असे कोणी विचारले की आमच्या जातीचा माणूस आधी विचारतो, ‘गुणवत्ता म्हणजे काय?’ आणि श्रोते घड्याळ बघू लागतात. म्हणून आज मी इतिहासाच्या वाटेने जाणार आहे. अमरावती आणि अकोला ही दोन शहरे डोळ्यासमोर ठेवून बोलतो. व्याख्या वाटेत सापडली तर बघू.

सुरुवात एका प्रसंगाने करतो. वऱ्हाडातल्या एका शहरात, नाव घेत नाही, मी महापालिकेच्या शाळेत गेलो होतो. माझा एक जुना विद्यार्थी तिथे शिक्षक आहे. दुसरी आणि तिसरी हे दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसले होते. दुसरीच्या बाई मतदार याद्यांच्या कामाला गेलेल्या. तेवढ्यात एक आई दाराशी आली. बांधकामावर जाणारी असावी, हातात डबा होता. मला शाळेतलाच कोणीतरी समजून ती म्हणाली, “काहो सर, बाई उद्या येतीन का? नाहीतं मी पोरीले संगं कामावर घेऊन जातो.”

मला उत्तर देता आले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या बाईच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजा.

आता इतिहास. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये, वुडचा खलिता आला. त्यात शिक्षक तयार करण्यासाठी खास शाळा काढाव्यात, शिकाऊ शिक्षकांना विद्यावेतन द्यावे, हा विचार स्पष्ट होता. या शाळांना नॉर्मल स्कूल म्हणत. जुन्या माणसांच्या तोंडी ‘नॉर्मल पास मास्तर’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. आज तो विनोदी वाटतो, पण त्या काळी तो मानाचा होता. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झालेला आणि वर नॉर्मल केलेला माणूस म्हणजे शिकवण्याचे शिक्षण घेतलेला माणूस. शिकवणे ही वेगळी विद्या आहे, ती वेगळी शिकावी लागते, हे सरकारने निदान कागदावर मान्य केले होते.

कागद आणि प्रत्यक्ष यांतले अंतर कोणी दाखवले? महात्मा फुल्यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यात शिक्षकांविषयी तीन मुद्दे आहेत. पहिला, प्राथमिक शाळेत प्रशिक्षित शिक्षक हवेत, आणि ते बहुजनांतूनही आले पाहिजेत, म्हणजे ते गावात मिसळतील, मुलांच्या घरची परिस्थिती जाणतील. दुसरा, पगार. तो बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत पंधरा ते वीस असावा. तिसरा मुद्दा आपण नेहमी विसरतो. शाळांची तपासणी वर्षातून एकदा होते ती पुरेशी नाही, निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि अधूनमधून न कळवताही व्हावी, असे ते म्हणाले.

बघा, निवड, पगार आणि कामावर लक्ष. शिक्षक कोणातून यावा, त्याला पोटापुरते मिळावे, आणि नेमल्यानंतर त्याच्याकडे कोणीतरी वारंवार जावे. दीडशे वर्षांतली सगळी धोरणे मी या तीन खुंट्यांवर टांगून बघितली. पहिल्या खुंटीवर सदऱ्यांची गर्दी झालेली दिसते. तिसरी जवळजवळ रिकामी आहे.

हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपवण्याची शिफारस केली. म्हणजे शाळा कोणाच्या? तर नगरपालिकेच्या आणि लोकल बोर्डाच्या. वऱ्हाडातली शहरे तेव्हा कापसावर उभी राहत होती. मुंबईकडून निघालेली रेल्वे अकोल्यावरून पुढे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, मजूर आले, व्यापारी आले. मराठी, उर्दू, हिंदी बोलणारी वस्ती एकाच पेठेत राहू लागली. आजही अमरावती-अकोल्यात महापालिकेच्या शाळा तिन्ही माध्यमांच्या आहेत, त्याचे मूळ या कापसात आहे. शहरी शाळेचा शिक्षक नेमताना हे ध्यानात ठेवायला हवे. नुसते ‘शिक्षक पाहिजे’ म्हणून भागत नाही, कोणत्या भाषेच्या मुलांसमोर तो उभा राहणार आहे तेही बघावे लागते.

१९१९च्या सुधारणांनंतर शिक्षण लोकनियुक्त मंत्र्यांकडे आले. १९२० मध्ये मध्य प्रांतात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. स्थानिक संस्थेने ठरवले तर तिला आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करता येऊ लागले. ‘ठरवले तर’ हे शब्द महत्त्वाचे, कारण ठरवायचे म्हणजे कर बसवायचा. आणि इथे आपल्या भागातला एक माणूस उठून दिसतो, डॉ. पंजाबराव देशमुख. पापळचे. इंग्लंडहून शिकून आले. वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय, म्हणजे आमच्याच बिरादरीतले. १९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करायचे तर पैसा लागेल आणि पैसा लागेल तर कर वाढवावा लागेल, हे त्यांनी शेतकऱ्यांना तोंडावर सांगितले आणि कर वाढवला. निवडून आलेला माणूस कर वाढवतो आणि तरी लोक त्याला डोक्यावर घेतात! पुढे १९३० ते १९३३ या काळात ते प्रांताचे शिक्षणमंत्री होते. त्यांच्यापासून मी एकच धडा घेतो. शिक्षकाविषयी धोरण म्हणजे आधी अर्थसंकल्पातली ओळ. ती ओळ नसेल तर बाकी सुविचार.

पुढचा टप्पा १९३७चा, आणि तोही आपल्याच प्रांतातला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा आराखडा केला. त्यात शिक्षकांसाठी तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम सुचवला होता, आणि तातडीची गरज म्हणून एक वर्षाचा. पगार शक्यतो पंचवीस रुपये, वीसच्या खाली नको. त्याच सुमारास प्रांताच्या सरकारने पं. रविशंकर शुक्लांच्या पुढाकाराने विद्या मंदिर योजना आणली. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, शिक्षकाने महिना पंधरा रुपयांवर वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा घ्यायची. हेतू उदात्त होता, यात शंका नाही. पण फुल्यांनी पंचावन्न वर्षांपूर्वी मोठ्या गावांसाठी मागितलेली किमान रक्कम आणि ही रक्कम सारखीच आहे, हे तुमच्या लक्षात आले का? त्यागाच्या नावाखाली शिक्षकाला स्वस्तात मिळवायचे, ही आपली जुनी खोड आहे. ती पुढे वेगळ्या नावाने परत येते, थोड्या वेळाने सांगतो.

इथे मला घरचे थोडे सांगू द्या. माझे वडील नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होते. कोणत्या, ते सोडून द्या. १९५६ पर्यंत आम्ही मध्य प्रदेशात होतो, त्या नोव्हेंबरात मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. खुर्चीवरून न उठता वडिलांची तीन राज्ये झाली. शिक्षणाचा कायदा मात्र विदर्भात १९५६चा मध्य प्रदेशचाच बराच काळ चालू राहिला. पश्चिम महाराष्ट्राला मुंबईचा १९४७चा होता आणि मराठवाड्याला हैदराबादचा. एका राज्यात शिक्षणाचे तीन कायदे!

त्यांचा पगार कधी वेळेवर होत नसे. नगरपालिकेचा जकातीचा पैसा आला की पगार. आई किराणा दुकानातून उधारीच्या वहीवर सामान आणायची, आणि त्या दुकानदाराचा मुलगा वडिलांच्याच वर्गात होता. वडील त्याला कधी मारत नसत. मला वाटायचे, उधारीमुळे. पुढे कळले की ते कोणालाच मारत नसत. पण बघा, माझ्या मनात ती शंका आली होती. शिक्षकाचा पगार थकला की त्याच्या न्यायबुद्धीवरही मुलाचा विश्वास उरत नाही.

तरीही ते चांगले शिक्षक होते. का होते? मी पुष्कळ वर्षे समजत होतो की तो त्यांचा स्वभाव. नंतर आठवू लागलो तेव्हा ध्यानात आले की त्यांच्या शाळेत एक हेडमास्तर होते, ते शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सगळ्या मास्तरांना थांबवून घेत. एकजण नमुना पाठ घेई, बाकीचे मुलांच्या जागी बसत. मग चहा आणि चिरफाड. वडील घरी येऊन पुटपुटत, “भागाकार मी उलटाच शिकवत होतो इतकी वर्षे.” डिप्टीसाहेब तपासणीला येत त्याची भीती असे, पण शनिवारची ओढ असे.

आता तत्त्वज्ञानाचे दोन मिनिटे, मग परत येतो. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात प्रश्न आहे, सद्गुण शिकवता येतो का? त्याच्या शिष्याने, ॲरिस्टॉटलने, त्याचे व्यवहारी उत्तर दिले. घर बांधून माणूस गवंडी होतो, वीणा वाजवून वादक होतो, तसे न्यायाने वागून न्यायी होतो. चांगलेपण सवयीतून येते, आणि सवय लागायला जागा लागते, वेळ लागतो, चूक दाखवणारा जवळ लागतो. शिक्षकाचेही तेच. पदवी त्याला शाळेच्या दारापर्यंत आणते. शिक्षक तो दाराच्या आत होतो, पहिल्या चार-पाच वर्षांत. माझी व्याख्या एवढीच आहे. आणि आपली धोरणे? ती दारावर पहारा देत बसली आहेत.

पुढचा इतिहास याच पहाऱ्याचा आहे. अमरावतीची महापालिका १५ ऑगस्ट १९८३ ला झाली, अकोल्याची १ ऑक्टोबर २००१ ला. नगरपालिकेच्या शाळा महापालिकेच्या झाल्या. पाट्या बदलल्या. मधल्या काळात, १९९२ मध्ये, ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती झाली. पंचायतींसाठी अकरावे परिशिष्ट, शहरांसाठी बारावे. अकराव्यात प्राथमिक आणि माध्यमिक शाळा स्पष्ट शब्दांत लिहिलेल्या आहेत. बाराव्यात फक्त सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन, असे मोघम कलम आहे. महाराष्ट्रात महापालिकांच्या १९४९च्या कायद्याने प्राथमिक शाळा चालवणे हे बंधनकारक कर्तव्य आहे, म्हणून आपले निभावले. पण खेड्यातली शाळा घटनेत ठळक आणि शहरातली शाळा सौंदर्याच्या शेजारी, हे चित्र बोलके आहे. त्याचा परिणाम पैशावर दिसतो. महापालिकेच्या प्राथमिक शिक्षकाच्या पगारात निम्मा वाटा राज्याचा आणि निम्मा महापालिकेचा. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकेला तो झेपतो. मालमत्ता करावर जगणाऱ्या वऱ्हाडातल्या महापालिकेला तो जड जातो. जकात गेली, पण माझ्या आईची उधारीची वही काही मिटली नाही.

आता तो भाग, जो सांगताना मला संकोच वाटतो. २००० नंतर महाराष्ट्रात डी.एड. आणि बी.एड. महाविद्यालयांचे पेव फुटले. नोकरीची आशा, संस्थाचालकांची हौस, मान्यतेचा बाजार. शेवटी प्रकरण न्यायालयात गेले. महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. तपासणीत यांतल्या बहुतेक संस्था पात्र ठरल्या नाहीत. साऱ्या देशाच्या शिक्षक-शिक्षणाचा आयोग महाराष्ट्रातल्या भांडणातून जन्मला, ही काही अभिमानाची गोष्ट नाही.

त्या पेवात माझाही एक दाणा आहे. एका बी.एड. महाविद्यालयाच्या तपासणी समितीवर मी सदस्य होतो. ग्रंथालय पाहिले. पुस्तके नवीकोरी, रांगेत लावलेली. मी एक उघडले तर आत दुसऱ्याच महाविद्यालयाचा शिक्का. दुसरे उघडले, तेच. मी प्राचार्यांकडे पाहिले. ते म्हणाले, “सर, पुढच्या वर्षी सगळं पूर्ण होते.” जेवण तयार होते, गाडी उभी होती, इतर सदस्यांना दुसऱ्या गावी जायचे होते. अहवालात ‘अटींच्या पूर्ततेच्या अधीन राहून’ असे वाक्य टाकले आणि मी सही केली. गाव आणि संस्था सांगत नाही, कारण इथे दोष मी माझा सांगतो आहे. त्या महाविद्यालयातून दरवर्षी मुले-मुली पदवी घेऊन बाहेर पडली. त्यातली काही आज कुठल्यातरी वर्गात उभी असतील, आणि ‘याला शिकवताच येत नाही’ म्हणून आपण त्यांना नावे ठेवत असू. त्यांच्या पदवीवर एक सही माझीही आहे.

असो. पुढे चला. २००० साली शिक्षण सेवक योजना आली. पहिली तीन वर्षे पूर्ण पगार नाही, मानधन. प्राथमिकला महिना तीन हजार. २०१२ मध्ये ते सहा हजार झाले, आणि २०२३ मध्ये सोळा हजार. विद्या मंदिराचे पंधरा रुपये परत आले, हेच मी मघाशी म्हणत होतो. खरे तर ही तीन वर्षे शिकण्याची असायला हवी होती, अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली. तसे काही झाले नाही. स्वस्त तेवढे पडले.

२०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला. प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर कामाला शिक्षकाला लावू नये, हेही त्यात आहे. पण निवडणुकीचे काम या शब्दात याद्यांचे वर्षभराचे काम मावते, आणि दुसरीच्या बाई वर्गाबाहेर जातात. २०११च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली आणि लाखो मुले कागदावरचीच निघाली. पट कमी, म्हणून संचमान्यतेत शिक्षक जास्त. शिक्षक अतिरिक्त, म्हणून २ मे २०१२ पासून भरतीवर बंदी. २०१०च्या भरतीनंतर पुढची परीक्षा २०१७ मध्ये, आणि नेमणुका २०१९ पर्यंत लांबल्या. एका शाळेत नऊ वर्षे नवा माणूस येत नाही म्हणजे काय होते? जुन्याकडून नव्याकडे जायची विद्या मध्येच तुटते. शनिवारचा पाठ घ्यायला कोणी उरत नाही आणि बघायलाही.

मग डिसेंबर २०१३ पासून पात्रता परीक्षा, टीईटी. परीक्षा असावी, माझा विरोध नाही. पण दारावर एकच पहारेकरी ठेवला की त्याला विकत घेणारे निघतात. २०२१ मध्ये टीईटीचा गैरव्यवहार उघड झाला आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरली आहे, अशा सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी. पन्नाशीच्या आतबाहेरचे शिक्षक आता गाइड घेऊन बसले आहेत. निकालाचा आदर ठेवून विचारतो, त्या बाई परीक्षा उत्तीर्ण झाल्या तरी उद्या वर्गात येतील का?

मग करायचे काय? माझ्याकडे जादूची कांडी नाही. इतिहासातून निघणाऱ्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, पगाराची ओळ. छोट्या महापालिकांच्या शिक्षकांचा पूर्ण पगार राज्याने उचलावा, किंवा महापालिकेचा वाटा आधीच वेगळ्या खात्यात काढून ठेवावा. पंजाबरावांचा धडा.

दुसरी, भरती दरवर्षी, थोडी का होईना, पण दरवर्षी. कोण केव्हा निवृत्त होणार हे सेवापुस्तकात लिहिलेले असते. ते बघून माध्यमनिहाय जागा जूनच्या आत भराव्यात. उर्दू आणि हिंदी शाळांच्या जागाही त्यात आल्या.

तिसरी, मानधनाची वर्षे पूर्ण पगाराची आणि उमेदवारीची करावीत. नव्या शिक्षकाने निदान पहिले वर्ष अनुभवी शिक्षकाबरोबर एका शाळेत काढावे. डॉक्टरला इंटर्नशिप, वकिलाला सीनियर, आणि सहा वर्षांच्या पोरांना शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी दोन वर्ग! फिनलंडने १९७०च्या दशकात शिक्षक-शिक्षण विद्यापीठात नेले, त्याचे आपण कौतुक करतो. तिथल्या विद्यापीठांनी सरावाच्या शाळा स्वतःकडे ठेवल्या, हे सांगायचे मात्र विसरतो.

चौथी, फुल्यांची तिसरी खुंटी. १९९० च्या दशकात केंद्रप्रमुख हे पद याचसाठी निर्माण झाले, दहाएक शाळांना शैक्षणिक मदत करण्यासाठी. आज केंद्रप्रमुख माहिती गोळा करतात आणि वर पाठवतात. त्यांना वर्गात बसू द्या. २०२०च्या राष्ट्रीय धोरणाने वर्षाला पन्नास तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. त्यातले निम्मे तास तरी मोबाइलवर चित्रफीत बघण्याऐवजी शनिवारच्या नमुना पाठाला द्या.

कोणी म्हणेल, सर, शिकवायचेच नाही असे शिक्षकही आहेत. आहेत. मी त्यांची वकिली करत नाही. पण कामचुकार माणूस ओळखायचा तर आधी काम करण्यासारखी स्थिती द्यावी लागते. निम्म्या पगारावर, दोन वर्ग आणि तीन याद्या सांभाळणाऱ्यांत आळशी कोण आणि दमलेला कोण, हे देवालाही सांगता येणार नाही.

त्या आईकडे परत येतो. मी त्या दिवशी गप्प राहिलो, तेव्हा माझा विद्यार्थी पुढे झाला. म्हणाला, “ताई, बाई नाही आल्या तं मी हावो. पोरीले पाठवा.” दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. पोरगी आली होती. बाई आल्या नव्हत्या. त्याने दोन्ही वर्ग घेतले.

तो किती दिवस घेईल, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो आणि थांबतो.